वस्तीवरील म्हातारा कुत्रा : सांधेदुखीची ओळख व निगा

मळ्यातील वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला कुत्र्याचे मोल समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रात्री गोठ्याभोवती फिरणारा, कणसे भरू लागली की रानडुकरांवर भुंकून उठणारा, मेंढ्यांच्या वाड्यापाशी जागत पडणारा हा प्राणी मजुरी मागत नाही व खर्चाच्या वहीत बहुधा त्याचे नावही नसते. आठदहा वर्षे अशी राखण केल्यावर तो हळू उठू लागतो, ओट्याची पायरी चढताना थबकतो, अनोळखी मनुष्य आला तरी बसल्या जागेवरूनच भुंकतो. अशा वेळी "आता म्हातारा झाला" एवढेच म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात. बैल थकला तर निदान दावणीला बांधून त्याला वैरण टाकण्याची रीत आहे. कुत्र्याच्या बाबतीत अशी ठरलेली रीत नाही, आणि म्हणून त्याचे अखेरचे दोनतीन वर्षांचे आयुष्य कित्येकदा निष्कारण हालात जाते.

वस्तुतः कुत्रा हळू चालतो तो वय झाले म्हणून नव्हे, तर बहुतेक वेळा त्याचे सांधे दुखतात म्हणून. हा भेद शाब्दिक नाही. वय मागे नेता येत नाही. दुखणे मात्र पुष्कळ अंशी कमी करता येते, व त्याचे बरेचसे उपाय घरातल्या घरात, पैसा फारसा न मोडता करता येण्यासारखे आहेत.

दुखणे कोठे असते

सांध्यामध्ये हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढविलेली असतात व त्यांच्यामध्ये वंगणासारखा चिकट द्रव असतो. जुनी दुखापत, जन्मतःच सैल असलेला सांधा, शरीराचे जादा वजन किंवा नुसती वर्षानुवर्षांची धावपळ यांमुळे ही कूर्चा झिजते. एकदा झिजलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही. सांध्याभोवतालचे आवरण सुजते व हाडांच्या कडांना नवे कंगोरे फुटतात. दुखते म्हणून कुत्रा कमी चालतो. कमी चालल्याने मांड्यांचे स्नायू वाळतात. स्नायूंचा आधार गेला की सांध्यावर अधिक ताण येऊन ते आणखी दुखतात. कूर्चा परत आणता येत नसली तरी हे चक्र मध्येच तोडता येते. पुढे सांगितलेले सर्व उपाय त्यासाठीच आहेत.

आपल्याकडील गावठी कुत्री व लातूर भागात पाळली जाणारी कारवान कुत्री अंगाने सडपातळ असतात. अलीकडे मळ्यांतून लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशी भारी अंगाची विलायती कुत्रीही दिसू लागली आहेत. या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो व त्यांना कित्येकदा पाचसहा वर्षांच्या वयातच त्रास सुरू होतो. पिलू घेताना त्याच्या आईबापांची चाल पाहून घेणे म्हणूनच शहाणपणाचे होय.

कुत्रा दुखणे बोलून दाखवीत नाही, हे तर खरेच; पण सांधेदुखीत तो सहसा ओरडतही नाही. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, ही समजूत अगदी चुकीची आहे. मालकाने पाहावयाचे ते असे. सकाळी किंवा बराच वेळ पडून राहिल्यावर उठताना तो ताठरतो काय, आणि दहावीस पावले चालल्यावर मोकळा होतो काय? उठताना पुढील पायांवर जोर देऊन मागचे धड ओढून घेतो काय? पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकून सशासारख्या उड्या मारतो काय? पूर्वी ट्रॉलीत टुणकन उडी घेणारा आता खालीच उभा राहून शेपूट हलवितो काय? एकच सांधा सारखा चाटून तेथील केसांचा रंग बदलला आहे काय? पाठीमागून हात फिरविला असता छाती व खांदे भरलेले पण मांड्या वाळलेल्या लागल्या, तर वजन पुढे टाकून चालण्याची सवय त्याला बऱ्याच महिन्यांपासून लागली आहे असे समजावे. एरवी गरीब असलेला कुत्रा मुलांनी कमरेला हात लावताच गुरकावू लागला, तर तो वाईट स्वभावाचा झाला नसून त्याला तेथे दुखते आहे. घरातील लहान मुलांना हे नीट समजावून सांगावे. झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला एकदम मिठी मारू देऊ नये.

दवाखान्यात नेल्यावर भीतीमुळे कित्येक कुत्री लंगडणे लपवितात. यास्तव घरच्या अंगणात तो उठत असताना व चालत असताना भ्रमणध्वनीवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवावे व ते पशुवैद्यकांना दाखवावे.

सगळेच लंगडणे म्हातारपणाचे नसते

सांधेदुखी महिनोन्‌महिने हळूहळू वाढते. लंगडणे एकाएकी सुरू झाले असेल तर प्रथम पंजा उचलून पाहावा. बाभळीचा काटा गादीत मोडून राहिलेला असतो. बोटांच्या बेचक्यात गोचिडांचा पुंजका असतो. आतील बाजूच्या अंगठ्याचे नख, जे जमिनीला घासत नाही, ते वाढून वळून मांसात रुतलेले असते. बसून राहणाऱ्या कुत्र्याची सर्वच नखे वाढतात, आणि वाढलेल्या नखांवर चालणे म्हणजे टाचा उंच करून चालणे होय. दुखऱ्या सांध्याला ते फार त्रासदायक ठरते. महिन्यातून एकदा नखांची टोके थोडी थोडी कापावीत. आतील लालसर शीर कापू नये. काळ्या नखात शीर दिसत नाही, तेथे अगदी थोडेच कापावे.

गोचिडांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचिडांमुळे एर्लिकिओसिस नावाचा ताप येतो. त्यात कुत्रा अन्न टाकतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते व कधी सांधे सुजून तो लंगडू लागतो. रक्त तपासून हा रोग ओळखता येतो, व पशुवैद्यकाने ठरविलेल्या मात्रेत डॉक्सीसायक्लीन हे औषध सुमारे चार आठवडे दिल्यास बहुतेक कुत्री बरी होतात. दहा वर्षांच्या कुत्र्यास हा ताप आला असता त्याचे वय झाले म्हणून सोडून देणे म्हणजे बरा होणारा रोगी हातचा घालविणे होय. गोचीड मारण्यासाठी पिकावर फवारण्याचे कीटकनाशक किंवा रॉकेल कुत्र्याच्या अंगाला लावण्याचा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो, तो सर्वस्वी बंद झाला पाहिजे. औषध कातडीतून अंगात जाते, आणि उरलेले कुत्रा चाटून पोटात घेतो.

मागचे पंजे उलटे मुडपून जमिनीवर घासत असतील, नखांचा वरचा भाग झिजला असेल, किंवा चालताना मागचे पाय एकमेकांत अडकत असतील, तर दोष सांध्यात नसून बहुधा पाठीच्या कण्यात किंवा मज्जातंतूंत असतो. अशा कुत्र्याला पशुवैद्यकाने तपासलेच पाहिजे. तोवर मालीश किंवा ओढाताण करू नये.

आता अत्यंत महत्त्वाची सूचना. चांगला हिंडताफिरता कुत्रा दोनतीन दिवसांतच मागील पायांनी लुळा पडला, त्याचा आवाज बदलला, खालचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, तर ती सांधेदुखी नव्हे. पिसाळण्याचा एक शांत प्रकार असतो, त्यात कुत्रा धावून चावत नाही. नुसता लुळा पडतो व सामान्यतः दहा दिवसांच्या आत मरतो. घशात हाड अडकले असेल अशा समजुतीने त्याच्या तोंडात हात घालणारी माणसे याच वेळी संकटात सापडतात. अशा कुत्र्याला हात न लावता एका बाजूस बंदिस्त ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. त्याचा दात लागला असेल किंवा लाळ जखमेवर अथवा डोळ्यातोंडात गेली असेल तर जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, डोळे व तोंड स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घेण्यास सुरुवात करावी. म्हातारा झाला, आता कुठे जातो, असे म्हणून कुत्र्याची दरवर्षीची रेबीजची लस चुकविणारे लोक आहेत. ही काटकसर भलत्याच ठिकाणची आहे.

वजन

सांधेदुखीवरील सर्वांत गुणकारी व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वजन मर्यादेत ठेवणे. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून जन्मभर एक प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. जोडीतील एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा एकचतुर्थांश अन्न कमी दिले जाई. कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली, व त्यांच्यात सांधेदुखी पुष्कळ उशिरा दिसू लागली. कुत्र्याला पोटभर वाढणे हे प्रेमाचे लक्षण मानणाऱ्या घरांनी या प्रयोगाचा अवश्य विचार करावा.

कुत्रा लठ्ठ आहे की नाही हे पाहण्यास काटा लागत नाही. त्याच्या बरगड्यांवरून बोटे फिरवावीत. आपला पंजा उघडा ठेवून पालथ्या हातावरून बोट फिरविले असता हाडे जशी लागतात तशा बरगड्या लागल्या तर वजन योग्य समजावे. मूठ वळून बोटांच्या पेरांवरून फिरविल्यासारख्या टोचू लागल्या तर कुत्रा रोडका आहे. तळहातावर दाबल्यासारखे नुसते मऊ लागले तर तो लठ्ठ आहे. नेमके वजन हवे असल्यास त्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे व नंतर आपले वजन वजा करावे. बारा किलोचा कुत्रा दहा किलोंवर आणण्यास तीनचार महिने लागले तरी चालेल. उपाशी ठेवून घाई करू नये.

भाकरी कमी करावी, पण मांस-अंडी-डाळ यांतील प्रथिने कमी करू नयेत, कारण वाळत चाललेल्या स्नायूंना तीच हवी असतात. आठवड्यातून तीनचार वेळा उकडलेले अंडे, किंवा खाटकाकडील शिजविलेले बिनहाडाचे मांस भाकरीत कुस्करून द्यावे. शिजविलेली हाडे फुटून अणकुचीदार होतात, ती देऊ नयेत. दूध पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना पचत नाही. त्याऐवजी पातळ ताक बरे. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींचा नाश करतात. चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य कुत्र्याला घालण्याची आपली रीत चांगली आहे. फक्त रोडगा द्यावा, भरीत व कांद्याची पात आपल्या ताटात ठेवावी. नाशिक-सांगलीकडील द्राक्ष बागायतदारांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : द्राक्षे व बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. बेदाण्याच्या शेडमध्ये म्हाताऱ्या कुत्र्याची जागा करू नये.

नेहमीइतके खाऊनही म्हातारा कुत्रा वाळत चालला असेल, किंवा फार पाणी पिऊ लागला असेल, तर मात्र हा उपदेश त्याला लागू नाही. तेथे दात, मूत्रपिंड अथवा दुसरा एखादा रोग शोधावा लागतो.

बिछाना व जमीन

पूर्वी वस्तीवर शेणाने सारवलेली जमीन असे. ती कुत्र्याच्या पायाला धरून ठेवी. आता सिमेंटचा कोबा व शहाबादी फरशी आली, व म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकू लागले. फरशीवर चारी दिशांना घसरलेले पाय गोळा करून उठण्यात त्याची सारी शक्ती जाते, व एकदा आपटला की तो उठण्यासच भितो. त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत व दारापर्यंत जुनी बारदाने, सतरंजीचे तुकडे किंवा गोठ्यातील रबरी चटईचा कापलेला पट्टा अंथरून एक वाट करून द्यावी. बारदान सरकत असेल तर त्याचा उपयोग नाही. कडांना दगड ठेवावेत किंवा खाली दोरी ताणून बांधावे.

बिछान्याकरिता दोन पोती एकात एक घालून त्यांत भाताचा कोरडा पेंढा भरावा व तोंड शिवून टाकावे. जाडी दाबल्यावर चार बोटे तरी राहिली पाहिजे, म्हणजे कोपराला व खुब्याला खालची जमीन लागणार नाही. वर जुनी वाकळ घालावी. उसाचे पाचट फुकट मिळते म्हणून भरू नये, त्याच्या कडा कातडी कापतात. दर आठ दिवसांनी पोते कडक उन्हात टाकावे. पेंढा ओला झाला की बदलावा. जागा वाऱ्याच्या झोताबाहेर पण घरच्या माणसांच्या नजरेत असावी. कुत्रा कळपात राहणारा प्राणी आहे. आजवर दारात बसणाऱ्याला उठता येत नाही म्हणून मागील खोपटात नेऊन टाकले तर तो अन्नच सोडतो, असे पुष्कळ ठिकाणी दिसून येते.

पाण्याचे भांडे उलट्या घमेल्यावर किंवा दोन विटांवर ठेवावे, म्हणजे मान व पुढील पाय फार वाकवावे लागत नाहीत. ओट्याला दोनच पायऱ्या असल्या तरी त्यावर एक रुंद फळी उताराने टाकून तिच्यावर गोणपाट ठोकावे. उतार जितका लांब तितका सोपा. पहिले दोन दिवस भाकरीचा तुकडा दाखवून त्यावरून चालवावे लागते. मग तो आपणहून येतो.

चालणे

दुखते म्हणून अगदी पडू देणे व जुन्या सवयीने सबंध मळ्याची फेरी करविणे, ही दोन्ही टोके टाळावीत. दिवसातून तीन वेळा दहा दहा मिनिटे, मऊ मातीच्या पायवाटेवरून, त्याच्या चालीने चालवावे. फेरीनंतर दुसऱ्या दिवशी तो अधिक ताठरला तर अंतर कमी करावे. आठवडाभर बांधून ठेवून बाजाराच्या दिवशी दोन कोस नेणे सर्वांत वाईट. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरविण्याकडे दुर्लक्ष करणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

मागचे धड उचलत नसेल तर जुन्या उपरण्याची किंवा पोत्याची रुंद पट्टी पोटाखालून, मागील मांड्यांच्या अगदी पुढून घालावी व दोन्ही टोके वर हातात धरून त्याला आधार द्यावा. उचलून न्यावयाचे नाही. फक्त त्याच्या वजनाचा काही भार आपण घ्यावयाचा. नराच्या बाबतीत पट्टी मूत्रमार्गावर दाबली जात नाही हे पाहावे. घरातील दहाबारा वर्षांची मुलगीसुद्धा हे काम चांगले करू शकते.

थंडीच्या दिवसांत सकाळी फिरविण्यापूर्वी कोमट पाण्यात पिळलेले फडके दुखऱ्या सांध्यावर दहा मिनिटे ठेवावे. आपल्या मनगटाच्या आतील बाजूस सोसवेल इतकेच ते गरम असावे. नंतर मांडीचे स्नायू तळहाताने हलकेच चोळावेत. सांध्यावर दाब देऊ नये. लोखंड तापवून सांध्यावर डाग देण्याची जुनी चाल अजून काही भागांत आहे. डागण्याने सांध्यातील रोग जात नाही. नवी जखम होते, एवढेच. डागलेला कुत्रा काही दिवस लंगडत नाही असे जे सांगतात, ते त्या दिवसांत तो चालतच नाही हे सांगावयास विसरतात.

औषधे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा व गावात सांगावा. माणसाच्या कंबरदुखीची गोळी कुत्र्याला घातल्याने होणारे नुकसान म्हातारपणाच्या नुकसानीहून पुष्कळदा मोठे असते. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरास व्रण पडतात, आतून रक्तस्राव होतो व मूत्रपिंड बिघडते. पॅरासिटामॉल यकृतावर घाला घालते. मनुष्याला सोसते ते कुत्र्याला सोसतेच असे नाही, कारण त्याचे शरीर ही औषधे निराळ्या रीतीने व निराळ्या वेगाने बाहेर टाकते.

योग्य औषधाचीही मात्रा चुकली तर तेच घडते. मेलॉक्सिकॅम हे कुत्र्यांच्या सांधेदुखीवर पशुवैद्यक नेहमी वापरतात. त्याची रोजची मात्रा किलोमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक मिलिग्रॅम इतकी अल्प असते. माणसांसाठी याच औषधाच्या साडेसात व पंधरा मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. घरात असलेली पंधराची गोळी भाकरीत घालून दिली म्हणजे त्या कुत्र्याला पंधरा दिवसांचे औषध एका घासात दिल्यासारखे होते. यास्तव वजन करून, पशुवैद्यकाने लिहून दिलेली मात्रा, अन्नाबरोबरच द्यावी. उलटी झाली, शेण डांबरासारखे काळे पडले किंवा कुत्र्याने अन्न टाकले तर औषध त्याच दिवशी थांबवून दवाखान्यात कळवावे. डेक्सामेथॅसोनसारखे स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावर कुत्रा दोन दिवस उड्या मारतो म्हणून ते मागण्याकडे कल असतो. ते व वेदनाशामक गोळी एकाच वेळी दिल्यास जठर फुटण्यापर्यंत पाळी येते. आधी कोणी काय टोचले आहे ते पशुवैद्यकापासून लपवू नये.

डायक्लोफेनॅकचा आणखी एक हिशेब आहे. हे औषध दिलेल्या जनावरांची प्रेते खाऊन गिधाडे मेली, व ती जवळजवळ नाहीशी झाल्यावर २००६ साली भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. २०२३ साली ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांवरही ती घालण्यात आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे आढळले आहे.

सांध्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या ग्लुकोसामीनच्या महागड्या पुड्यांचा उपयोग होतोच असा पुरावा भक्कम नाही. माशांच्या तेलाचा थोडा उपयोग दिसून येतो. त्याऐवजी जवसाचे तेल चालेल असे सांगतात, पण त्यातील घटकाचे उपयुक्त रूपात रूपांतर करण्याची शक्ती कुत्र्याच्या शरीरात फारच कमी असते. हा पैसा अंड्यांवर खर्च करणे अधिक बरे.

जवळ दवाखाना नसल्यास १९६२ या क्रमांकावर (हा सन नसून दूरध्वनीचा क्रमांक आहे) फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

रात्रीची जागा

पुणे, अहिल्यानगर व नाशिक जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात म्हाताऱ्या कुत्र्याचा मोठा वैरी बिबट्या होय. अकोले तालुक्यात झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. तरणा कुत्रा चाहूल लागताच घरात शिरतो. सांधे धरलेला, ऐकू कमी येणारा कुत्रा साखळीने ओट्याला बांधून ठेवणे म्हणजे त्याला वाढून ठेवणे होय. शिवाय बिबट्याला घराच्या दारापर्यंत येण्याची वाट दाखविणे होय, व त्याच दारात मुले झोपतात. संध्याकाळी त्याला घरात किंवा दाराच्या बंद गोठ्यात घ्यावे. राखणीस तरुण कुत्रा तयार करावा. म्हाताऱ्याच्या सोबतीने तो लवकर शिकतो. मात्र दोघांना जेवण वेगवेगळे द्यावे, नाही तर धाकटा दोन्ही वाटे खातो.

दिवसा सावलीसाठी असा कुत्रा ट्रॅक्टरखाली किंवा ट्रॉलीखाली जाऊन निजतो, आणि यंत्र सुरू झाले तरी वेळेवर उठू शकत नाही. चालकाने रोज खाली वाकून पाहण्याची सवय लावून घ्यावी. चैत्र-वैशाखात ऊन सरकते पण कुत्रा सरकू शकत नाही. सकाळची सावली दुपारी नाहीशी होते हे ध्यानात घेऊन जागा निवडावी.

मुळीच उठता येत नसल्यास

अशा कुत्र्याला दर तीनचार तासांनी कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवावे. एरवी कोपर, खुबा व घोट्याच्या हाडांवर कातडी काळवंडून फुटते, आणि पावसाळ्यात त्या जखमेत एका दिवसात अळ्या पडतात. मूत्राने भिजलेले केस कापून टाकावेत, कातडी कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी व वर खोबरेल तेलाचा पातळ हात द्यावा. दिवसभरात मूत्र झालेच नाही किंवा फुगलेल्या पोटातून थेंब थेंब गळत राहिले, तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा.

एवढे करूनही कित्येकदा अशी वेळ येते की औषधानेही दुखणे आटोक्यात राहत नाही, कुत्रा अन्न घेत नाही, घाणीत पडून राहतो व ओळखीच्या हाकेला मान उचलीत नाही. घरात एका कागदावर रोज बरा दिवस की वाईट दिवस एवढीच खूण करावी. वाईट दिवस सतत अधिक येऊ लागले म्हणजे पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोलावे. पशुवैद्यक प्रथम गुंगीचे औषध देतात व मग इंजेक्शनने त्याला वेदनारहित मरण देतात. काही मिनिटांत सर्व संपते, व या वेळी घरचे कोणी जवळ बसले तर तो शांत राहतो. यात पाप आहे असे मानणाऱ्या घरांचा आदर राखावा. त्यांना दुखणे शमविण्याचे उपाय शेवटपर्यंत चालू ठेवता येतात. परंतु भाकरीत कीटकनाशक कालवून घालणे, अथवा लांबच्या रस्त्यावर किंवा बाजाराच्या गावी सोडून देणे, याला कोणताच आधार नाही. विष घालणे व उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे ही दोन्ही १९६०च्या वर उल्लेखिलेल्या अधिनियमाखाली गुन्हे ठरतात, आणि विष खाऊन मेलेल्या कुत्र्याला ओरबाडणारी गावची इतर जनावरेही त्याबरोबर मरतात.

इंजेक्शनने शांत केलेल्या कुत्र्याचे प्रेत उघड्यावर टाकू नये, कारण ते औषध मांसात राहते व गिधाडे, कोल्हे आणि इतर कुत्री यांना बाधते. विहीर व ओढ्यापासून दूर, पाचसहा फूट खोल खड्डा घेऊन पुरावे, माती दाबून घ्यावी व वर मोठे दगड रचावेत, म्हणजे रात्री कोणी उकरणार नाही.